रोमन अक्षरांतील चांदा : काही अक्षरजोड्यांचा इतिहास

इंग्रजी शब्दकोशात 'डी' आणि 'एच' ही दोन अक्षरे लागोपाठ येणारे शब्द शोधावयास घेतले, तर हाती येणाऱ्या शब्दांचे दोन ढीग सहज वेगळे करता येतात. पहिल्यात 'चाइल्डहुड', 'मॅडहाउस', 'रेडहेड' असे सामासिक किंवा प्रत्ययान्त शब्द पडतात. तेथे 'डी' एका घटकाचा शेवट असतो आणि 'एच' दुसऱ्याचा आरंभ. ती जोडी नसून सांधा असतो. लॅटिनमधून आलेला 'अ‍ॅडहिअर' हाही त्याच जातीचा. दुसऱ्या ढिगात 'धोबी', 'धोती', 'धर्म', 'संधि', 'जोधपुर्स' असे शब्द येतात. तेथे मात्र ही दोन अक्षरे मिळून एकच ध्वनी दाखवितात आणि तो ध्वनी इंग्रजीचा नव्हे. 'बी-एच'ची स्थिती अशीच: एकीकडे 'क्लबहाउस' आणि 'अब्हॉर', दुसरीकडे 'भांग' व 'भिस्ती'. 'के-एच' घेतले तर 'ब्लॉकहेड' एका बाजूस आणि 'खाकी' दुसऱ्या बाजूस.

हा भेद योगायोगाचा नाही. इंग्रजीत शब्दारंभीच्या 'पी', 'टी', 'के' ह्यांचा उच्चार किंचित महाप्राण असतो. पण त्यामुळे अर्थभेद होत नसल्याने तो लिहून दाखविण्याची गरज त्या भाषेस कधी भासली नाही. उलट 'टी-एच', 'पी-एच', 'सी-एच', 'एस-एच' ह्या जोड्या तिने निराळ्याच ध्वनींसाठी गुंतवून ठेवल्या. म्हणून हिंदुस्थानी नावे रोमन लिपीत उतरविणाऱ्यांनी महाप्राण दाखविण्यासाठी 'एच' जोडावयाचे ठरविले तेव्हा 'थ' आणि 'फ' ह्यांचा आधीच्या रहिवाश्यांशी तंटा झाला. 'च'ने 'सी-एच' अडविल्यामुळे 'छ'ला तिसरे अक्षर घ्यावे लागले. इंग्रजीत दोन 'एच' लागोपाठ पाहावयाचे तर 'हिचहाइक' किंवा 'बीचहेड' ह्यांसारखे मोजके शब्द शोधावे लागतात. छत्तीसगडाच्या नावात मात्र ती दोन अक्षरे आरंभीच शेजारी बसली आहेत. 'जी-एच' तर इंग्रजीत जागोजाग आहे, पण बहुधा मुके. उरलेल्या 'बी-एच', 'डी-एच', 'जे-एच', 'के-एच' ह्या जोड्या एखाद्या शब्दात सांध्यावाचून दिसल्या की तो शब्द पूर्वेकडून आला असावा, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

अनुमान म्हणावयाचे ते अशासाठी की ताडोब्याच्या जंगलातील एका प्राण्याने ते फसविले आहे. मराठीत ज्याला कोळसून किंवा रानकुत्रा म्हणतात त्याचे इंग्रजी नाव 'डोल' असे उच्चारले जाते, पण 'डी-एच'ने लिहिले जाते. नाव पाहताच ते हिंदुस्थानी वाटते. चार्ल्स हॅमिल्टन स्मिथ ह्याने १८२७ साली ते पूर्वेकडील निरनिराळ्या भागांत बोलल्या जाणाऱ्या भाषेतले म्हणून सांगितले आणि दोनच वर्षांनी त्याचे नाते 'वेडा' ह्या अर्थाच्या तुर्की शब्दाशी जोडले. पुढे सुमारे ऐंशी वर्षांनी रिचर्ड लिडेकर ह्याने नोंदविले की, हा प्राणी जेथे राहतो तेथील लोक हे नाव वापरीतच नाहीत. कन्नडमधील लांडग्याच्या नावापासून ते आले असावे असाही एक तर्क आहे. त्या नावाच्या आरंभी महाप्राण नाही हे ध्यानात घेतले म्हणजे तो तर्क किती ओढून आणावा लागतो हे कळते. 'एच' घातल्याने शब्द हिंदुस्थानी दिसतो, एवढेच येथे सिद्ध होते.

चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांच्या, जुन्या इंग्रजी कागदपत्रांत सर्वांत बोलकी जोडी आहे ती 'आर-एच'. इंग्रजी कोशात ही जोडी ग्रीकांची मिरास होय: 'ऱ्हिदम', 'ऱ्हेटरिक', 'कटार'. ('परहॅप्स' किंवा 'मदरहुड' हे पुन्हा सांध्याचे शब्द.) चांद्याच्या ग्रामनामांत मात्र ती किल्ल्यांची खूण आहे. वैरागड, भामरागड, टिपागड, सुरजागड, आणि ज्याच्या आरंभीच गड आहे ते गडचिरोली, ही सारी नावे जुन्या इंग्रजी लेखनपद्धतीप्रमाणे 'जी-ए-आर-एच' ह्या चौकडीने लिहिली जात. मराठी माणूस जेथे 'ड' लिहितो तेथे 'आर' का यावा, आणि मराठीत नसलेला 'एच' कोठून यावा, हे दोन प्रश्न त्यातून निघतात. दोन्हींची उत्तरे ध्वनिशास्त्रात जितकी आहेत तितकीच राज्यकारभाराच्या इतिहासातही आहेत.

विल्यम जोन्स ह्याने आशियाई शब्दांच्या रोमन लेखनाविषयीचा आपला निबंध 'एशियाटिक रिसर्चेस'च्या १७८८ साली निघालेल्या पहिल्या खंडात घातला. स्वरांना इटालियन मूल्य आणि व्यंजनांना इंग्रजी मूल्य, हे त्याचे मुख्य सूत्र. परंतु सैन्यातील व महसुलातील माणसे कानाला जसे ऐकू येईल तसे, इंग्रजी वाचनाच्या सवयीने लिहीत राहिली. कॅप्टन ब्लंट हा १७९५ साली चुनारहून निघून ह्याच रानातून दक्षिणेस गेला. त्याचे प्रवासवृत्त 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सातव्या खंडात आहे. त्याच्या शीर्षकातच चुनारगडाचा शेवट 'जी-एच-यू-आर' असा केलेला आढळतो. म्हणजे 'अ'साठी 'यू', आणि महाप्राण 'ढ'पासून उचलून 'ग'च्या मानेवर ठेवलेला. ऐकणाऱ्याला शब्दात कोठेतरी हकार आहे एवढे कळले होते, तो नेमका कोठे आहे हे कळले नव्हते.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ च्या नोव्हेंबरात मध्यप्रांत अस्तित्वात आला. त्यानंतर चांद्याविषयी लिहिणे-छापणे एकदम वाढले. मेजर ल्यूसी स्मिथ ह्याचा बंदोबस्ताचा अहवाल १८६९ चा. चार्ल्स ग्रँट ह्याने संपादिलेले मध्यप्रांताचे गॅझेटिअर १८७० चे. हे दुसरे पुस्तक स्थलनामांच्या वर्णानुक्रमाने रचलेले आहे, आणि येथूनच प्रस्तुत विषय गंभीर होऊ लागतो. प्रवासवृत्तात नाव कसेही लिहिले तरी वाचकाला ते वाटेत भेटते. वर्णानुक्रमी ग्रंथात पहिले अक्षर चुकले की गाव सापडतच नाही. विल्यम विल्सन हंटर ह्याने स्थलनामांच्या लेखनाची मार्गदर्शिका १८७१ मध्ये काढली, ती हीच अडचण ओळखून. सबंध देशाचे गॅझेटिअर करावयाचे तर एका गावाचे एकच नाव असले पाहिजे. हंटरची पद्धत जोन्सच्या वाटेनेच जाते. मात्र व्यंजनांखालचे टिंब तिने व्यवहारासाठी सोडून दिले. दन्त्य 'द' आणि मूर्धन्य 'ड' एकाच 'डी'त कोंबले गेले. स्वरांमध्ये येणारा ताडित 'ड' मात्र 'आर'मध्ये गेला, आणि ताडित 'ढ' 'आर-एच'मध्ये.

हा ताडित उच्चार हिंदीत निराळ्या, नुक्ता दिलेल्या अक्षराने लिहितात. मराठीतही 'गड', 'वाडा', 'घोडा' ह्या शब्दांत जीभ जवळजवळ तेच करते. पण मराठी लेखनाने त्या उच्चाराला वेगळे अक्षर दिले नाही, आणि मराठी माणसाच्या मनात तो 'ड'च राहिला. तेव्हा 'आर' हा कानाच्या दृष्टीने अगदी चुकीचा नव्हे. तो हिंदीच्या मनाने ऐकलेला आहे. 'एच'विषयी मात्र मराठीची बाजू स्पष्ट आहे. शब्दान्ती व दोन स्वरांमध्ये महाप्राण सोडण्याची प्रवृत्ती मराठीत जुनी आहे: हिंदी 'हाथ', 'भूख', 'सीखना' आणि मराठी 'हात', 'भूक', 'शिकणे'. ('वाघ' आणि 'दूध' ह्यांनी तो धरून ठेवला, म्हणून हा नियम न म्हणता प्रवृत्तीच म्हणावी.) 'गढ'चा 'गड' झाला तो ह्याच वाटेने, 'गढी'त मात्र तो टिकला. चांद्याचा उत्तर व पश्चिम भाग मराठी बोलणारा, पूर्वेकडील रानात गोंडी-माडिया, आणि १८७४ साली अप्पर गोदावरी जिल्हा मोडल्यावर जोडलेला सिरोंचाकडील भाग तेलुगूचा. अशा जिल्ह्याच्या गडांना जबलपूर-सागरच्या वळणाचे 'आर-एच' लागले, कारण प्रांत एक होता आणि पद्धतही एकच हवी होती. राज्यपुनर्रचनेने १९५६ साली चांदा मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. त्यानंतर 'आर-एच' मागे पडून 'डी' रूढ झाला, आणि १९८२ च्या ऑगस्टमध्ये निराळा झालेला जिल्हा 'डी'नेच गडचिरोली झाला. सीमेपलीकडील छत्तीसगडाने आपला 'आर-एच' राखला आहे. त्यामुळे एकाच डोंगररांगेतील एक गड एका अक्षराने व दुसरा दुसऱ्याने लिहिला जातो.

व्यंजनांचा हा घोळ एखाद्या नावात तीन ठिकाणी एकवटला म्हणजे काय होते हे पाहण्यास वैरागडासारखे उदाहरण नाही. हिऱ्यांच्या खाणीसाठी ते पूर्वी प्रसिद्ध होते. अबुल फज़लच्या 'आईन-इ-अकबरी'त त्या खाणीचा उल्लेख आहे, पण तेथे नाव 'ब'ने सुरू होते. फारसीतून इंग्रजीत आलेल्या रूपांतही म्हणून 'बी'. मध्यप्रांताच्या ग्रंथांत ते 'डब्ल्यू'खाली, म्हणजे शेवटच्या पानांत सापडते. आजच्या मराठी वळणाने लिहिल्यास 'व्ही'. आरंभाची ही तीन अक्षरे झाली. 'ऐ' हा स्वर 'ए-आय', नुसता 'वाय' किंवा नुसता 'आय' अशा तीन तऱ्हांनी लिहिला जाण्याजोगा. शेवटच्या गडाची किमान चार रूपे: 'जी-ए-आर-एच', 'जी-एच-यू-आर', 'जी-यू-आर-एच' आणि 'जी-ए-डी'. तीन, तीन आणि चार ह्यांचा गुणाकार छत्तीस. ही सारीच रूपे कागदावर उतरली असतील असे नव्हे. परंतु जुन्या साधनांत शोध घेणाऱ्याने ती सारी शक्य मानूनच बसावयास हवे. आज जुने ग्रंथ छायाचित्रित होऊन यंत्रावर शोधता येतात, म्हणून ही अडचण संपली असे विद्यार्थ्यांना वाटते. वास्तविक ती वाढली आहे. पाने चाळणारा माणूस 'डब्ल्यू'खाली चुकून तरी पोचत असे. यंत्र दिलेली अक्षरे तेवढी शोधते.

मोहाच्या झाडाचे उदाहरण ह्याहून सौम्य आहे. यूल व बर्नेल ह्यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' ह्या १८८६ च्या कोशात त्याची तीन-चार रूपे एकाच मथळ्याखाली दिली आहेत, आणि 'एच' कधी 'एम'नंतर तर कधी 'ओ'नंतर बसतो. वनस्पतिशास्त्राने मात्र संस्कृत 'मधूक' उचलून त्यास लॅटिन वेष दिला. त्या नावात 'डी-एच' सुखाने नांदत आहे. झाड तेच असल्याने येथे कोणाचे काही अडत नाही.

माणसांच्या नावांचे तसे नाही. पूर्व गडचिरोलीतील माडिया हे इंग्रजी ग्रंथांत 'मारिया' होतात, आणि परका वाचक त्या अक्षरांत एका ख्रिस्ती स्त्रीचे नाव वाचतो. ग्रिग्सन ह्याच्या बस्तरच्या माडियांवरील १९३८ च्या प्रसिद्ध ग्रंथाच्या शीर्षकातही तेच रूप आहे. ह्याच्या उलट नागपुरास मराठी वातावरणात काम केलेल्या स्टीफन हिस्लॉप ह्याचे टिपण, जे त्याच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल ह्याने १८६६ साली प्रसिद्ध केले, त्यात हे नाव 'डी'ने येते. तो मराठी कानांनी ऐकत होता. गोंडांच्या शाखांची त्याने दिलेली 'कोइलाभुताल', 'थोट्याल' ही नावे, शेवटचा 'ल' गाळून, पुढच्या याद्यांत पुनःपुन्हा भेटतात. त्यांपैकी सर्वांत वजनदार यादी म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद ३४२ खाली निघालेली अनुसूचित जमातींची.

ह्या यादीचा महाराष्ट्राचा भाग अक्षरांच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावा. तिच्या अठराव्या, गोंड ह्या नोंदीत 'माडिया' आणि 'मारिया' शेजारी शेजारी आहेत. 'मुडिया' आणि 'मुरिया' तसेच. एकच जमात 'डब्ल्यू'ने एकदा आणि 'व्ही'ने एकदा अशी दोनदा लिहिली आहे. 'मोघ्या', 'मोगिया' आणि 'मोंघ्या' असे त्रिकूटही आहे. वरवर पाहता हा गबाळेपणा वाटतो, परंतु तो शहाणपणाचा आहे. यादीत फेरफार करण्याचा अधिकार संसदेवाचून कोणास नाही. तेव्हा एखादे अक्षर सुटले तर माणूस सुटतो, हे यादी करणाऱ्यांना उमगले होते. जेथे लेखनभेद त्यांना ठाऊक होता तेथे त्यांनी दोन्ही रूपे नोंदविली.

छत्तिसाव्या नोंदीत मात्र 'ओरांव, धांगड' एवढेच आहे. १९५६ च्या सुधारित यादीत हे नाव आले तेव्हा ते विदर्भातील ठराविक भागांपुरते होते: मेळघाट, यवतमाळ जिल्ह्यातील काही तहसिली, आणि चांदा जिल्ह्यातील गडचिरोली व सिरोंचा. १९७६ च्या अधिनियमाने क्षेत्राची ही मर्यादा उठली आणि नाव सबंध राज्यास लागू झाले. येथून पुढचा वाद सर्वश्रुत आहे. धनगर समाजाच्या वतीने असे प्रतिपादन करण्यात आले की, राज्यात धांगड नावाची जमातच नाही, 'आर'च्या जागी 'डी' पडला आहे, आणि यादीतील शब्द 'धनगर' असाच वाचावा. राज्यात धनगर समाज भटक्या जमातींच्या 'क' प्रवर्गात असून त्यास साडेतीन टक्के आरक्षण आहे, अनुसूचित जमातींना सात टक्के. एका अक्षरावर किती संसार अवलंबून आहेत ते ह्यावरून दिसते. हलबा-कोष्टी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००० मध्ये, यादी जशी आहे तशीच वाचावी, तीत काय अभिप्रेत असावे ह्याची चौकशी करू नये, असा दंडक घातला होता. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये धनगर समाजाच्या याचिका फेटाळल्या.

कायद्याचा प्रश्न कायदेपंडितांचा. अक्षरांच्या इतिहासाला त्यात जे सांगता येते ते असे. रसेल व हिरालाल ह्यांच्या १९१६ च्या ग्रंथात 'धनगर' ह्या मथळ्याखाली मराठी मेंढपाळांचे वर्णन आहे. आणि ओरांवांच्या लेखात त्यांच्या पर्यायी नावांत पुन्हा 'धनगर'च दिसते, कारण छोटा नागपूरकडील मजुरांच्या 'धांगड' ह्या नावातील ताडित 'ड' हंटरच्या पद्धतीने 'आर' झाला आणि दीर्घ 'आ'वरील खूण पुष्कळदा गळाली. म्हणजे दोन निराळे शब्द रोमन लिपीने एकरूप केले, हे खरे. घोळ आहे, हे म्हणणाऱ्यांचे म्हणणे निराधार नाही. परंतु ह्या घोळाला दिशा आहे. 'ड'चा 'आर' होतो. जोन्सपासून हंटरपर्यंत एकाही पद्धतीत 'र'चा 'डी' होत नाही. 'धनगर' ह्या शब्दाचे रोमन लेखन करताना 'डी' उमटण्यास लेखनपद्धतीचे कारण देता येत नाही. टंकलेखकाचा हात चुकला असे म्हणावे लागते, आणि त्यास पुरावा निराळ्या प्रकारचा लागतो. ह्याहून पुढे अक्षरे जात नाहीत. एखादा समाज आदिवासी आहे की नाही, त्याचे दैन्य किती, त्याला काय मिळावे, ह्या प्रश्नांची उत्तरे वर्णमालेत शोधणे व्यर्थ आहे. ती तेथे शोधावी लागली हीच त्या समाजाची व्यथा म्हणता येईल.

ओरांवांच्या नोंदीत यादीचा जो कोरडेपणा दिसतो तोच गावांच्या बाबतीत वनहक्क कायद्याने पुढे आणला आहे. २००६ च्या ह्या कायद्याखालील २००८ च्या नियमांत, तेराव्या नियमानुसार, दाव्याच्या पुराव्यात गॅझेटिअर, जनगणना, भूमापन व बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे, वनविभागाच्या कार्ययोजना हे सारे धरले जाते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गावास २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा जुन्या इंग्रजी कागदांकडे वळल्या. जे ग्रंथ राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी लिहिले त्यांत आपले गाव शोधण्याची पाळी आता गावकऱ्यांवर आली आहे.

त्यांनी काय शोधावे हे काही प्रमाणात आधी सांगता येते. 'मेंढा' ह्या नावातील 'ढ' अनुनासिकानंतर येत असल्यामुळे ताडित होत नाही. म्हणून तेथे 'आर-एच' शोधण्याचे कारण नाही, 'एन-डी-एच' पुरे. 'वाडा', 'पाडा', 'झाडा' असा शेवट असेल तर 'डी' व 'आर' दोन्ही पाहावे. आरंभीच्या 'व'साठी 'डब्ल्यू' आधी आणि 'व्ही' नंतर. मध्यप्रांताच्या छापील ग्रंथांत 'अहेरी' हे 'ए-एच-आय' असे मिळते, 'ए-एच-ई' असे नव्हे. बल्लारपूरसाठी 'बल्लाळ'कडे जाणारे रूपही पाहिलेच पाहिजे. रेल्वेच्या फलकावर तर त्यात 'एल'नंतर 'एच' आहे आणि स्थानकाचा संकेत 'बी-पी-क्यू'. गोंडी नावांच्या शेवटचा 'ल' अनेकवचनाचा असू शकतो, तेव्हा तो नसलेले रूपही तपासावे. एकाच नावाची गावे दोन-चार तालुक्यांत असतात, म्हणून तालुक्याचे नाव बरोबर धरावे लागते. आणि गडचिरोली तहसील १९०५ साली जमीनदाऱ्यांचे मुलूख एकत्र करून बनविण्यात आली असल्यामुळे, त्यापूर्वीच्या कागदांत तेच गाव मूल किंवा ब्रह्मपुरीखाली, आणि नंतरच्या अर्ध्या शतकात 'जी-ए-आर-एच'खाली पाहावे लागते.